किती वर्षांपासून? : ‘हॅव’ या क्रियापदाने इंग्रजीत आणि इटालियनमध्ये घेतलेली दोन वळणे

१/
२० ऑक्टोबर १७६९. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात जुझेप्पे बारेत्ती हा पन्नास वर्षांचा इटालियन ग्रंथकार खुनाच्या आरोपाखाली उभा होता. दोन आठवड्यांपूर्वी हेमार्केट भागात संध्याकाळच्या अंधारात काही जणांनी त्याच्यावर हल्ला केला होता. झटापटीत त्याने फळे कापण्याचा छोटा चाकू चालवला आणि इव्हान मॉर्गन नावाचा माणूस जखमांनी मरण पावला. आरोप सिद्ध झाला असता, तर शिक्षा फाशीची होती.

२/
परदेशी आरोपीला त्या काळी निम्मी ज्युरी परदेशी माणसांची मागण्याचा हक्क होता. बारेत्तीने तो नाकारला. इंग्रज ज्युरीसमोर त्याने आपला बचाव इंग्रजीतच मांडला. त्याच्या चारित्र्याची साक्ष देण्यासाठी सॅम्युअल जॉन्सन, जोशुआ रेनॉल्ड्स, डेव्हिड गॅरिक, एडमंड बर्क आणि ऑलिव्हर गोल्डस्मिथ आले होते. अशा साक्षीचे वजन एका गोष्टीवर अवलंबून असते : साक्षीदार आरोपीला किती काळापासून ओळखतो?

३/
जॉन्सनने सांगितले की ओळखीची सुरुवात १७५३ किंवा १७५४ च्या सुमारास झाली. येथे त्याने साधा भूतकाळ वापरला, कारण सुरुवात होऊन गेली होती. लगेच पुढे दोघांच्या घनिष्ठ स्नेहाविषयी बोलताना तो ‘हॅव’कडे, म्हणजे पूर्ण वर्तमानकाळाकडे वळला. रेनॉल्ड्सनेही पंधरा-सोळा वर्षांच्या परिचयासाठी ‘हॅव नोन’ म्हटले. त्याने नुसते ‘न्यू’ म्हटले असते, तर ती ओळख केव्हाच संपली असा अर्थ निघाला असता. बारेत्ती निर्दोष सुटला.

४/
साक्षीदारांना या दोन काळांतील निवड करताना क्षणभरही विचार करावा लागला नसेल. बारेत्तीच्या मायदेशातून इंग्रजी शिकायला आलेल्या माणसाला मात्र येथेच अडायला होते, आणि आजही होते. याचे कारण आळस किंवा निष्काळजीपणा नव्हे. इंग्रजी आणि इटालियन या दोन्ही भाषांनी एकाच घडणीची काळरचना घेतली आणि पुढे तिला वेगवेगळ्या कामांना जुंपले. ती कथा येथे सांगायची आहे.

५/
प्रथम अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. त्यासाठी बारेत्तीचेच आयुष्य उपयोगी पडते. तुरीनमध्ये जन्मलेला हा माणूस १७५१ मध्ये लंडनला आला. १७६० मध्ये त्याने लंडन सोडले आणि लिस्बनमार्गे तो इटलीत परतला. तेथे त्याने ‘ला फ्रुस्ता लेत्तेरारिआ’ हे जहाल टीकात्मक नियतकालिक चालवले. १७६६ मध्ये तो पुन्हा लंडनला आला आणि १७८९ मध्ये तेथेच वारला. म्हणजे खटल्याच्या दिवशी त्याच्या लंडनवासाचे दोन कालखंड होते. एक नऊ वर्षांचा, संपलेला. दुसरा तीन वर्षांचा, चालू असलेला.

६/
मराठीत आपण म्हणू :
पहिल्या खेपेस तो लंडनमध्ये नऊ वर्षे राहिला.
आता तो तीन वर्षांपासून लंडनमध्ये राहतो आहे.
१७६० मध्ये तो निघाला, तेव्हा नऊ वर्षांपासून तेथे राहत होता.

इंग्रजीत हीच तीन क्रियापदे अनुक्रमे ‘लिव्ह्ड’, ‘हॅज लिव्ह्ड’ आणि ‘हॅड लिव्ह्ड’ अशी होतील. पुढच्या दोहोंसाठी ‘हॅज बीन लिव्हिंग’ आणि ‘हॅड बीन लिव्हिंग’ हीसुद्धा चालतील.

७/
इटालियनमध्ये तीच तीन क्रियापदे अशी होतात :
पहिले : ‘आ वीस्सुतो’. शब्दशः ‘हॅज लिव्ह्ड’.
दुसरे : ‘वीवे’. शब्दशः ‘लिव्ह्ज’, म्हणजे साधा वर्तमानकाळ.
तिसरे : ‘वीवेवा’. म्हणजे ‘राहत होता’, अपूर्ण भूतकाळ.

चालू मुदतीसाठी सोबत ‘दा’ हा शब्द येतो. आपल्या ‘पासून’सारखाच तो ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘१७६६ पासून’ या दोहोंना पुरतो. इंग्रजीला मात्र मुदतीसाठी ‘फॉर’ आणि आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ असे दोन शब्द लागतात.

८/
आता सापळा दिसू लागतो. इटालियन माणूस संपलेल्या नऊ वर्षांविषयी बोलताना आपल्या भाषेच्या वळणाने ‘हॅज लिव्ह्ड’ म्हणतो. इंग्रज श्रोता समजतो की हा अजून तेथेच राहतो. चालू असलेल्या तीन वर्षांविषयी तो साधा वर्तमानकाळ वापरतो, तेव्हा श्रोत्याला वाक्य मोडके वाटते. दुसरी चूक लगेच पकडली जाते आणि दुरुस्तही होते. पहिली अधिक घातक, कारण वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते. अर्थ तेवढा उलटतो आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही.

९/
या गुंत्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. अभिजात लॅटिनमध्ये एकच पूर्ण भूतकाळ दोन्ही कामे करी. ‘फेकी’ या एका शब्दाचा अर्थ ‘मी केले’ असाही होई आणि ‘मी केले आहे’ असाही. चालू मुदतीसाठी लॅटिन वर्तमानकाळच वापरी आणि सोबत ‘याम’, म्हणजे ‘आतापर्यंत’ या अर्थाचा शब्द जोडी. इ.स.पू. ६३ मध्ये कॅटिलाइनविरुद्धच्या पहिल्या भाषणात सिसेरो सिनेटला दोष देतो की वीस दिवस झाले तरी आपण आपल्याच अधिकाराची धार बोथट होऊ देत आहोत. तेथील क्रियापद वर्तमानकाळी आहे. आजच्या इटालियनमधील ‘दा’ची रचना याच जुन्या वळणाची वारस आहे.

१०/
मग ‘हॅव’च्या जातीचे क्रियापद भूतकाळात आले कोठून? तेही सिसेरोपाशीच सापडते. इ.स.पू. ६६ मध्ये पाँपीच्या नेमणुकीसाठी केलेल्या भाषणात तो सांगतो की आशिया प्रांतात रोमन नागरिकांचे मोठाले पैसे गुंतलेले आहेत. लॅटिन रचना शब्दशः अशी : ‘त्यांच्यापाशी गुंतवलेले पैसे आहेत’. ‘हाबेरे’ हे क्रियापद येथे खऱ्या मालकीचे आहे आणि ‘गुंतवलेले’ हे पैशांचे विशेषण आहे. काळाचा प्रश्न अजून उद्भवलेलाच नाही.

११/
पण ज्याच्यापाशी गुंतवलेले पैसे आहेत, त्यानेच बहुधा ते गुंतवलेले असतात. या स्वाभाविक अनुमानातून पुढील शतकांत अर्थ सरकत गेला. ‘माझ्यापाशी लिहिलेले पत्र आहे’ याचे ‘मी पत्र लिहिले आहे’ झाले. मालकी विरली आणि काळ उरला. जुन्या नात्याची खूण इटालियनने आजही जपली आहे. ‘मी त्यांना पाहिले’ या वाक्यात ‘त्या’ स्त्रिया असतील, तर क्रियापदाचे रूप ‘विस्तो’ न राहता ‘विस्ते’ होते. विशेषण जसे नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, तसेच हे.

१२/
इंग्रजीच्या पूर्वजातही असेच घडले. अँग्लो-सॅक्सन बखरीत ७५५ या वर्षाखाली वेसेक्सचा राजा किनेवुल्फ याच्या हत्येची प्रसिद्ध नोंद आहे. शत्रूंनी राजाला ठार मारेपर्यंत लढा दिला, असे सांगताना बखरकार ‘हॅव’चे भूतकाळी रूप वापरतो. त्याच्यासोबतच्या ‘मारलेला’ या शब्दाला मात्र कर्माच्या विभक्तीचा प्रत्यय लागलेला आहे. म्हणजे रचनेचा सांगाडा अजूनही ‘त्यांच्या हाती तो मारलेला होता’ असाच होता. पुढे प्रत्यय झडला, शब्दक्रम बदलला आणि आजचा पूर्ण काळ आकाराला आला.

१३/
अशा रीतीने मध्ययुगाच्या अखेरीस दोन्ही भाषांकडे दोन-दोन भूतकाळ होते. एक साधा, एक ‘हॅव’चा. इटालियन व्याकरणाने त्यांना बोलकी नावे दिली : ‘पास्सातो रेमोतो’ म्हणजे दूरचा भूतकाळ, आणि ‘पास्सातो प्रोस्सिमो’ म्हणजे जवळचा भूतकाळ. प्रश्न एवढाच उरला की जवळ आणि दूर यांमधील सीमा कोठे आखायची?

१४/
फ्रेंच व्याकरणकारांनी या प्रश्नाला घड्याळी उत्तर दिले. १६६० मध्ये पॅरिसमध्ये आर्नो आणि लान्स्लो यांचे ‘पोर्ट-रॉयल’ व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यानुसार साधा भूतकाळ आजच्या दिवसातील घटनेला चालत नाही. मध्ये एक रात्र गेली पाहिजे. मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. पाणिनीने कितीतरी आधी ‘अनद्यतन’, म्हणजे आजच्या दिवसाबाहेरच्या भूतकाळासाठी लङ् सांगितला आहे.

१५/
बोलणाऱ्यांनी मात्र व्याकरणकारांची सीमा पाळली नाही. फ्रेंचमध्ये ‘हॅव’चा भूतकाळ हळूहळू सर्वच भूतकाळावर पसरला आणि साधा भूतकाळ पुस्तकांत जाऊन बसला. उत्तर इटलीच्या बोलण्यातही तेच घडले. मिलान किंवा तुरीनच्या बोलण्यात वीस वर्षांपूर्वीची घटनाही ‘जवळच्या’ भूतकाळात सांगितली जाते. सिसिलीत उलट, आज सकाळची घटनाही साध्या भूतकाळात येते. तस्कनीत दोहोंमधील भेद बराच टिकून राहिला.

१६/
म्हणूनच ‘इटालियन माणसाची चूक’ असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून नाही. १८६१ मध्ये इटलीचे एकीकरण झाले, तेव्हा प्रमाण इटालियन बोलू शकणारे लोक तुल्लियो दे माउरो यांच्या अंदाजानुसार अवघे अडीच टक्के होते. इतर अभ्यासकांचे अंदाज याहून अधिक आहेत, पण बहुसंख्य लोक आपापल्या बोलीच बोलत, याविषयी वाद नाही. तुरीनच्या माणसाला ‘हॅज लिव्ह्ड’चा मोह जितका होईल, तितका पालेर्मोच्या माणसाला होईलच असे नाही. सापळ्याचाही भूगोल असतो.

१७/
इकडे इंग्रजीने नेमके उलट वळण घेतले. तिने ‘हॅव’ला साध्या भूतकाळाच्या हद्दीत शिरू दिले नाही. उलट तिने त्याला वर्तमानाच्या हद्दीत ढकलले. चालू मुदतीसाठी जुनी इंग्रजीही वर्तमानकाळ वापरू शकत असे, जसा आज जर्मन भाषेत वापरतात. पुढे हे काम ‘हॅव’कडे गेले. मात्र हा बदल एका दिवसात झाला नाही. दोन्ही दारे दीर्घकाळ उघडी होती.

१८/
याचा सुंदर पुरावा बायबलच्या भाषांतरांत आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची कथा येते. धाकटा परत आल्यावर थोरला रागावतो आणि बापाला म्हणतो की मी इतकी वर्षे तुमची चाकरी करतो आहे. मूळ ग्रीकमध्ये क्रियापद वर्तमानकाळी आहे आणि लॅटिनमध्येही तसेच. १५६० च्या जिनिव्हा बायबलच्या इंग्रजीने ‘हॅव’ निवडला. १६११ च्या किंग जेम्स बायबलने वर्तमानकाळ निवडला. १९४६ च्या सुधारित नव्या कराराने पुन्हा ‘हॅव’.

१९/
पन्नास वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन भाषांतरांनी दोन वेगळी रूपे घ्यावीत, आणि त्या काळच्या इंग्रज वाचकाला दोन्ही समजावीत! किंग जेम्सच्या पंडितांवर ग्रीक मूळाचा प्रभाव होता हे खरे, पण इंग्रजी वाचकाला ती रचना अगदीच परकी वाटली असती, तर ती तशी छापली गेली नसती. आज जे वाक्य इटालियन विद्यार्थ्याच्या वहीत लाल शाईने खोडले जाते, त्याच घडणीचे वाक्य इंग्रजीच्या सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथात उभे आहे.

२०/
अठराव्या शतकात शालेय व्याकरणांनी ही दारे नियमांत बसवली. मूळचा अमेरिकी लिंडली मरे इंग्लंडमधील यॉर्क येथे स्थायिक झाला होता. तेथील एका मुलींच्या शाळेसाठी त्याने लिहिलेले व्याकरण १७९५ मध्ये निघाले आणि इंग्रजी जगात अफाट खपले. त्यात त्याने सांगितले की पूर्ण वर्तमानकाळ भूताकडे पाहतोच, पण त्याचा वर्तमानाशीही सांधा असतो. ज्या कालखंडाचा काही भाग अजून शिल्लक आहे, उदाहरणार्थ हे वर्ष किंवा हे शतक, त्याच्यासाठी ‘हॅव’. जो खंड संपून गेला, त्याच्यासाठी साधा भूतकाळ.

२१/
येथे या सर्व भेदाचा गाभा हाती लागतो. मुदतीचे वाक्य दोन प्रकारे पाहता येते. ‘तीन वर्षांपासून राहतो’ यात राहणे आज चालू आहे, म्हणून इटालियन आणि मराठी वर्तमानकाळ घेतात. पण मोजलेली तीन वर्षे तर मागे गेलेली आहेत. इंग्रजी त्या मोजलेल्या वर्षांकडे पाहते, म्हणून ती मागचे आणि आताचे सांधणारा काळ घेते. एक भाषा चालू अवस्था पाहते, दुसरी आतापर्यंत साचलेली मुदत. दोन्ही दृष्टी तर्काला धरूनच आहेत.

२२/
आता शिकण्याच्या इतिहासाकडे वळू. एके काळी गरज उलट होती. इंग्रजांनाच इटालियन हवी होती. इटालियन प्रॉटेस्टंट निर्वासिताच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेल्या जॉन फ्लोरिओने १५७८ मध्ये ‘फर्स्ट फ्रूट्स’ हे संवादांचे द्विभाषिक पुस्तक काढले. त्यातील एक पात्र इंग्रजीविषयी म्हणते की ती इंग्लंडात उपयोगी आहे, पण डोव्हर ओलांडले की तिला किंमत नाही. शेक्सपिअर तेव्हा चौदा वर्षांचा होता.

२३/
पावणेदोनशे वर्षांनी पारडे फिरले होते. बारेत्तीचा इंग्रजी-इटालियन शब्दकोश १७६० मध्ये निघाला. त्याची अर्पणपत्रिका बारेत्तीच्या नावाने जॉन्सनने लिहून दिली होती. हा कोश नवनव्या आवृत्त्यांतून एकोणिसाव्या शतकातही वापरात राहिला. शब्दाला शब्द देणे कोशाला जमते. काळाला काळ देणे जमत नाही, कारण ‘आ वीस्सुतो’समोर ‘हॅज लिव्ह्ड’ लिहिले तर ते रूपाने बरोबर आणि अर्थाने अनेकदा चूक ठरते.

२४/
पुढे हा प्रश्न विद्वानांच्या टेबलावरून सरकारी कचेरीत गेला. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत पोहोचले, बहुतेक दक्षिणेतून. नागरिकत्वासाठी किमान पाच वर्षांचा सलग निवास आवश्यक होता. १९०६ च्या कायद्याने इंग्रजी बोलता येण्याचीही अट घातली. अर्जाच्या छापील मजकुरात निवासाचे विधान ‘हॅव’च्याच काळात होते : राहत आलो आहे, सलग, अमुक तारखेपासून.

२५/
त्या एका क्रियापदात कायद्याचा सारा आशय सामावलेला होता. साधा भूतकाळ ‘कधी तरी पाच वर्षे राहिलो’ इतकेच सांगतो. कायद्याला हवी होती ती अर्जाच्या दिवसापर्यंत अखंड चालत आलेली पाच वर्षे. कालाब्रियातील शेतमजुराच्या कानाला मात्र चालू निवासासाठी वर्तमानकाळ आणि ‘दा’ हेच स्वाभाविक होते. त्याला नवा काळ पाठ करायचा होता, आणि आजवर ‘चालू’ म्हणून पाहिलेली गोष्ट ‘साचलेली’ म्हणून पाहायलाही शिकायचे होते.

२६/
सूत्ररूपाने सांगायचे, तर इटालियन विद्यार्थ्याने क्रियापदाकडे नव्हे, मुदतीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावे.
ते टोक मागेच बंद झाले असेल, तर साधा भूतकाळ. स्वतःच्या भाषेत तेथे ‘हॅव’ असले तरीही.
ते टोक आजच्या क्षणाला टेकत असेल, तर ‘हॅव’. स्वतःच्या भाषेत तेथे वर्तमानकाळ असला तरीही.
ते टोक भूतकाळातील एखाद्या क्षणाला टेकत असेल, तर ‘हॅड’. स्वतःच्या भाषेत तेथे ‘राहत होता’सारखे रूप असले तरीही.

२७/
मराठी वाचकाला या सूत्रातील निम्मी अडचण स्वतःची वाटेल. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहतो आहे’ याचे आपल्याकडे सर्रास ‘आय ॲम स्टेइंग इन पुणे सिन्स टेन इयर्स’ होते. हे अज्ञान म्हणून हसण्यावारी नेले जाते. पण त्या वाक्यात मराठीची दृष्टी जशीच्या तशी उतरलेली असते. तुरीनचा विद्यार्थी आणि पुण्याचा विद्यार्थी एकाच ठिकाणी अडखळतात, कारण दोघांच्याही भाषा मुदत मोजतानासुद्धा चालू अवस्थेवरून नजर काढत नाहीत.

२८/
दुसरी निम्मी अडचण मात्र आपली नाही. मराठीत मालकीचे ‘हॅव’ असे क्रियापदच नाही. आपण ‘माझ्याकडे आहे’, ‘मला आहे’ म्हणतो. त्यामुळे ‘नऊ वर्षे राहिला’ हे सांगताना ‘हॅज लिव्ह्ड’चा खोटा सोबती आपल्याला भुलवत नाही. इटालियन माणसाला भुलवतो, कारण त्याच्या आणि इंग्रजांच्या पूर्वजांनी ‘माझ्यापाशी केलेले आहे’ या एकाच कल्पनेतून काळ घडवला आणि मग त्या काळाला परस्परविरुद्ध दिशांना पाठवले. परक्या रूपापुढे माणूस सावध होतो. ओळखीचे वाटणारे रूप तो न तपासता उचलतो, आणि इटालियन विद्यार्थी नेमका तेथेच फसतो.